दिघीच्या बोटीतलं पाकीट

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत मी ती वस्तू तोंडात घातली नव्हती. मक्याच्या पिठाच्या वाकड्यातिकड्या काड्या, वर नारिंगी मसाला. नाव सांगायची गरज नाही, प्रत्येकाच्या घरातल्या मुलाला ते ठाऊक आहे. आमच्या हरिहरेश्वरात देवळाच्या वाटेवर असं एकही दुकान नाही, जिथे त्या पाकिटांच्या लड्या दाराशी लोंबत नाहीत. वारा सुटला की त्या सळसळतात. नारळाच्या झावळ्या वेगळ्या वाजतात आणि या वेगळ्या. झोपेतही मला दोन्ही आवाज ओळखू येतात.

मी खानावळ चालवते. घरगुती, ओटीवर चार टेबलं आणि माजघरात दोन. यात्रेकरू येतात, हल्ली समुद्र बघायला येणारेच जास्त. वालाचं बिरडं, फणसाची भाजी, सोलकढी, आगाऊ सांगितलं तर उकडीचे मोदक. या कामात माझी तीस वर्षं गेली आणि त्यातली निदान वीस त्या पाकिटांशी भांडण्यात गेली. माझी मुलगी लहान असताना तिच्या दप्तरात एकदा रिकामं पाकीट सापडलं. मी तिला मारलं नाही, पण दोन दिवस बोलले नाही. ते मारण्यापेक्षा वाईट होतं, असं ती अजून म्हणते. पुढे खानावळीत मुंबई-पुण्याची मुलं यायला लागली. समोर वाफाळता मोदक आणि मुलगा मांडीत पाकीट लपवून चुपचाप कुरुमकुरुम करतोय. एका बाईंना मी तोंडावर सांगितलं होतं, "माझ्या पानाशेजारी ही पिशवी नको." त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. मला वाईट वाटलं नव्हतं.

साथ ओसरली असं सगळे म्हणायला लागले होते, त्या सुमारास मला ताप आला. भाद्रपदाचे दिवस. आठ दिवस अंथरुणात होते. नवव्या दिवशी उठून चुलीशी गेले, आमटीला फोडणी केली, हिंग घातला आणि वाट बघत उभी राहिले. हिंग घातल्यावर मी नेहमी क्षणभर थांबते. वास वर आला की मगच पुढचं. वास आलाच नाही. मला वाटलं, हिंग जुना झाला. डबी उघडून नाकाशी धरली. काही नाही. मग लसूण चिरडून पाहिली. कढीपत्ता चुरगळला. शेवटी मिठाची चिमूट जिभेवर ठेवली, तर वाळू ठेवल्यासारखी खरखरली आणि विरघळून गेली. खारट नव्हती.

यांना हाक मारली. हे आले, त्यांनी आमटी चाखली आणि म्हणाले, "छान झालीय."

मी खाली बसले.

पुढचे महिने कसे गेले ते मला आजही नीट आठवत नाही. आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी, दुपारच्या झोपेतून अर्धवट जाग आल्यासारखं. सकाळी मी देवळामागच्या खडकांवरून प्रदक्षिणेच्या वाटेने जात असे. लाट फुटायची, तुषार अंगावर यायचे, पण खाऱ्या पाण्याचा वास नव्हता. त्यामुळे समुद्र खरा वाटेना. कुणीतरी सांगितलेला समुद्र असावा, तसा दिसायचा. जाईचे गजरे घेऊन बायका बसलेल्या असत. मी एक गजरा घ्यायची, केसांत माळायची आणि विसरून जायची. संध्याकाळी केस विंचरताना तो हाताला लागला की आश्चर्य वाटायचं. दूध उतू जाऊन करपलं तरी मला कळत नसे. धूर दिसला की कळायचं. माझ्याच घरात मी पाहुण्यासारखी वावरत होते. कुठे काय आहे ते माहीत होतं, पण कशाशीच ओळख उरली नव्हती.

खानावळ मात्र चालू होती. हाताला सवय होती. मीठ किती, गूळ किती, ते बोटं बरोबर उचलत. चव मात्र हे घेत. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत यांनी माझ्या स्वयंपाकाबद्दल "छान" सोडून दुसरा शब्द वापरला नव्हता. आता मला छान पुरत नव्हतं.

"छान म्हणजे काय? मीठ?"

"आहे ना."

"कमी की जास्त?"

"बरोबर वाटतंय बुवा."

"वाटतंय की आहे?"

बिचारे डोळे मिटून, पळी तोंडात धरून उभे राहत. हळूहळू शिकले. 'जिभेच्या टोकाला कमी पडतंय' असं काहीबाही सांगायला लागले. पण एकदा कार्तिकात, भर गर्दीच्या दिवशी, मी बिरड्यात दोनदा मीठ घातलं. हे बाजारात गेले होते, चाखायला कुणी नव्हतं. ओटीवरच्या टेबलावरून एका बाईंचा आवाज आला, दबका, पण मला ऐकू आला. "नाव एवढं ऐकलं होतं." पानं जवळजवळ तशीच परत आली. मी त्यांच्याकडून काही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी यांनी पुठ्ठ्यावर 'खानावळ काही दिवस बंद' असं लिहून फाटकाला अडकवलं. मी ते वाचून आत गेले आणि दुपारीच झोपले. त्यानंतर रोजच दुपारी झोपायला लागले.

पौषात हे मला अलिबागला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. स्कूटर दिघीच्या जेटीवर लावली, बोटीने आगरदांड्याला उतरलो आणि तिथून एसटी धरली. डॉक्टर तरुण होते, सौम्य बोलणारे. त्यांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, नसा दुखावल्या आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी यांचे वास घेत राहा, येत नसले तरी घ्या.

"चव परत येईल ना?" मी विचारलं.

"पुष्कळांची आली आहे," ते म्हणाले.

"आणि नाही आली तर?"

त्यांनी मान खाली घालून चिठ्ठीवर पुढची तारीख लिहायला घेतली. मला तेच उत्तर वाटलं.

येताना एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. काशीदची सुरूची झाडं गेली, मुरूड गेलं. आगरदांड्याच्या जेटीवर पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती आणि खाडीवर पातळ धुरकं उतरलं होतं. पाणी इतकं सपाट की बोट पाण्यावर आहे की नुसती टांगलेली आहे, ते कळेना. लांबवर जंजिऱ्याचा तट दिसत होता, पण त्याचा तळ धुरक्यात विरून गेल्यामुळे तो मधल्यामध्येच तरंगत होता.

खाली गाड्या चढत होत्या. आम्ही वरच्या बाकांवर गेलो. मी बसले, हे शेजारी बसले. थोड्या वेळाने एक कोळीण जिना चढून वर आली. माझ्याच वयाची असेल. नऊवारी घट्ट नेसलेली, डोक्यावर भली मोठी पाटी, त्यावर निळा प्लास्टिकचा कागद बांधलेला. पाटी तिने आमच्या बाकापाशी उतरवली आणि माझ्या दुसऱ्या बाजूला बसली. पाच मिनिटांत बाकावरचे लोक एकेक करून उठले. पलीकडचं जोडपं कठड्याशी गेलं. एका मुलीने ओढणी नाकाला लावली. हेसुद्धा खिशातून रुमाल काढत म्हणाले, "मी जरा तिकडे वाऱ्याला उभा राहतो." आमच्या घरात मासळी शिजत नाही. यांना तो वास मुळीच सोसत नाही.

मी तशीच बसून राहिले. लोक का उठले, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. मी पाण्याकडे बघत होते.

"सरकू का बाय?" ती म्हणाली. "सोडे हाईत, सुकट हाय. बोर्लीच्या बाजाराला नेते. वास येतोय ना?"

"नाही, नाही. बसा ना तुम्ही."

तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग आरामात पाय वर घेऊन बसली. बोट सुटली. इंजिनाची घरघर बाकातून अंगात येत होती. ती आपणहून बोलत होती. दिघीला बहीण राहते, आज तिच्याकडे वस्ती, उद्या पहाटे बाजार. सून चांगली आहे पण मोबाईल सोडत नाही. मी हं हं करत होते. तिचा आवाज मला पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येत होता.

मग तिने कमरेच्या पिशवीतून एक पाकीट काढलं. तेच. दातांनी कोपरा फाडला आणि माझ्यापुढे धरलं.

"घे गो."

"नको, मी खात नाही ते."

"घे गो बाय. सकालपासून उपाशी हाय, पन एकटीच्या घशाखाली जात न्हाय माझ्या."

नाही म्हणायची माझी सवय चांगली पक्की आहे. पण त्या दिवशी मला भांडायची ताकद नव्हती. आणि काय फरक पडणार होता? मोदक आणि मक्याची काडी, दोन्ही मला सारखीच. मी पाकिटात हात घातला. काडी हलकी होती, वाळक्या शेंगेसारखी. बोटांना नारिंगी पूड लागली. तोंडात ठेवली आणि चावली.

आधी नुसता आवाज झाला. कानांच्या आतून, डोक्यात, इतका मोठा की मी दचकले. एवढ्या महिन्यांत मी काही कुरकुरीत खाल्लंच नव्हतं. पेज, मऊ भात, असलंच काहीतरी गिळत होते. मग जिभेच्या डाव्या कडेला, अगदी मागे, मुंगी चावल्यासारखं काहीतरी झालं. मी चावायची थांबले. ते पसरलं. गालाच्या आतल्या बाजूला पाणी सुटलं.

"आंबट!" मी म्हणाले.

बरंच मोठ्याने म्हणाले असणार, कारण कठड्याशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली.

"आंबट?" ती म्हणाली. "ही तिखट असतात गो. आंबट कुठं?"

"नाही, आहे. आंबट आहे."

मी दुसरी घेतली. ती जिभेवर नुसती ठेवली, चावली नाही. मसाला विरघळायला लागला. आंबटामागून खारट आलं, हळूच, जिना चढून यावं तसं. तिखट वगैरे काही नव्हतं, वास तर नव्हताच. फक्त आंबट आणि खारट. पण त्या दोघांना मी ओळखत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी खातच राहिले. तिसरी, चौथी. धुरक्यात जंजिरा हळूहळू मागे सरकत होता आणि मी परक्या बाईच्या पाकिटात हात घालून खात होते.

"काय झालं गो? मिरची डोल्यात गेली?"

मग मी तिला सगळं सांगितलं. ताप, हिंग, खानावळ, फाटकावरचा पुठ्ठा, अलिबागचे डॉक्टर. ती ऐकत होती, मधूनमधून 'व्हय' म्हणत होती. सांगून झाल्यावर तिने पाटीवरचा निळा कागद नीट केला. मग पाटीकडे बघत म्हणाली,

"म्हंजे तुला वास येत न्हाय, म्हनून तू बसलीस माझ्याजवल?"

मला ते सुचलंच नव्हतं. आत्ता, तिने विचारल्यावर कळलं.

"हो," मी म्हणाले.

"आनि येत असता तर?"

कठड्याशी हे रुमाल नाकाशी धरून उभे होते, आमच्याकडे काळजीने बघत होते. तिनेही तिकडे पाहिलं.

"तर मी तिकडे उभी राहिले असते," मी म्हणाले.

तिचा चेहरा जरा ओढल्यासारखा झाला. ती पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता उठून जाईल. मला काहीतरी बोलायचं होतं, पण जे बोलले असते ते खोटं झालं असतं. इंजिन घरघरत होतं. मग ती हसली. फार नाही, नाकातून हवा सोडावी तेवढंच.

"खरं बोललीस. सगले म्हनतात, न्हाय गो, वास न्हाय येत. आनि सरकून बसतात." तिने पाकीट उलटं करून झटकलं. चुरा आणि दोन काड्या तळहातावर पडल्या. "घे. एक तुजी, एक माजी."

तिच्या तळहातावरची काडी मी उचलली. त्या हातांना मासळीचा वास असणार. मला तो आला नाही. येत असता तर मी ती उचलली असती का, हा प्रश्न मला त्या क्षणी पडला आणि त्याचं उत्तर अजूनही मला खात्रीने देता येत नाही.

दिघीला बोट लागली तेव्हा ती म्हणाली, "पाटीला हात लाव." मी एका बाजूने धरली, तिने दुसऱ्या बाजूने. 'हं' म्हणून तिने ती डोक्यावर घेतली आणि जिना उतरून गेली. जेटीवरच्या गर्दीत निळा कागद थोडा वेळ दिसत राहिला.

हे जवळ आले. "काय झालं? रडत का होतीस? काय म्हणाली ती?"

"मला एक पाकीट घेऊन द्या," मी म्हणाले.

"कसलं?"

मी टपरीकडे बोट दाखवलं. यांनी टपरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गेले आणि घेऊन आले. मी ते पदरात धरून स्कूटरवर मागे बसले. वाटेत एकदा यांनी हात धुवून घ्यायला सांगितलं, एवढंच.

घरी येऊन पाकीट फोडलं, तर काही नाही. मक्याचा चोथा. मी सगळं पाकीट संपवलं, शेवटचा चुरासुद्धा. काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी यांना विचारलं, "मी काल बोटीत खरंच आंबट म्हणाले होते ना?"

"ओरडलीस," हे म्हणाले.

"नक्की?"

"सगळी बोट वळून बघत होती."

एवढ्या आधारावर मी चार दिवस काढले. लवंग-लिंबाचे वास घेत होते, न येणारे. पाचव्या दिवशी दही खाताना जिभेच्या डाव्या कडेला ती मुंगी पुन्हा चावली. मग एक दिवस गेली, दोन दिवसांनी परत आली. चव अशी आली, भरतीसारखी नाही, चुकतमाकत. आधी आंबट, मग खारट, मग मेथीची कडू. तिखट आलं तेव्हा मला शिंका आल्या. गोड मात्र फार उशिरा आलं. वैशाखात शेजाऱ्यांनी बरका फणस पाठवला होता, त्याचा गरा खाताना. मी परसात उभ्या उभ्या सात गरे खाल्ले आणि रात्रीपर्यंत पोट धरून बसले.

मधल्या काळात दोनदा बोर्लीच्या बाजाराला गेले. तिला सांगायचं होतं. सुक्या मासळीच्या ओळीत आठ-दहा बायका बसल्या होत्या, त्यात ती नव्हती. नाव विचारलं नव्हतं, गावही नाही. 'आगरदांड्याकडून बोटीने येते ती' एवढंच मी सांगत होते. एकजण म्हणाली, "अशा तर लई येतात." दुसऱ्या वेळी गेले तेव्हा सुकटीचा वास आला. पुसट, पण आला. मी त्या ओळीत मुद्दाम थोडा वेळ थांबले. तो मला आवडला असं म्हणणार नाही.

फाटकावरचा पुठ्ठा आम्ही त्याआधीच काढला होता. लोक पुन्हा यायला लागले. मुलं अजून मांडीत पाकीट लपवून खातात. मी बघते आणि वाढत राहते.

गेल्या महिन्यात दुपारी ओटीवर कुणी नव्हतं. समोरच्या दुकानातून मी एक पाकीट आणलं, ते दिघीचं पाकीट झाल्यावर पहिल्यांदाच. खुर्चीत बसून फोडलं. आता सगळं जिभेवर होतं. कांदा, मिरची, धन्याची पूड, आमचूर, साखरसुद्धा होती थोडी. मसाला ठीक होता. मीठ जरा जास्त. माझ्या हातून असा मसाला झाला असता तर मी आमचूर कमी केलं असतं. मी एकेक काडी सावकाश खाल्ली आणि बोटीतली चव कुठे लागते का ते बघत राहिले. डावी कड, मागची बाजू. तिथे काही विशेष होत नव्हतं. खडकांवर लाट फुटल्याचा आवाज येत होता. मला जराशी डुलकी लागत होती आणि खुर्ची बोटीतल्या बाकासारखी थरथरतेय असं वाटत होतं.

फाटकाची कडी वाजली. एक कुटुंब उभं होतं, उन्हाने लाल झालेलं.

"काकू, जेवायला मिळेल का?"

मी बोटं पदराला पुसली आणि उठले.

"मिळेल की. किती पानं?"